चार महिन्यांची बेगमी, चार दिवसांचा पूर

मे महिना उतरणीला लागला की कोकणातल्या बाजारांचा रंग बदलतो. आंबा-फणसांच्या शेजारी अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगल्या जातात, मिरच्यांच्या राशी लागतात, खड्याच्या मिठाची पोती उघडतात आणि सुक्या मासळीच्या ओळीत सोडे, जवळा, बोंबील, बांगडे निवडून घेणाऱ्या बायकांची घासाघीस रंगते. ही आगोटीची खरेदी. गोव्यात हेच पुरुमेंत; मडगावला चर्चच्या फेस्ताला जोडून पुरुमेंताचा बाजारच भरतो. पहिला पाऊस पडायच्या आत ज्याच्या घरात मीठ-मिरची-मासळी आली, त्याचा आषाढ-श्रावण सुखाचा गेला, असा हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

या खरेदीमागे हौस कमी आणि भूगोल जास्त आहे. जून-जुलैत समुद्र खवळलेला, मासळीच्या विणीचा हंगाम आणि म्हणून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. पूर्वी खाडीवरची तर बंद व्हायची, ओढ्यांवरचे साकव वाहून जायचे, आठवडी बाजार मोडायचा. ऊन नाही म्हणजे काही वाळवता येत नाही, आणि ओले सरपण पेटत नाही. त्यामुळे तयारी फक्त स्वयंपाकघरापुरती नसे. घर शाकारून घ्यायचे, फुटकी कौले बदलायची, पडवीला झावळ्यांच्या झापांचा आडोसा करायचा, लाकडे फोडून रचून ठेवायची, गोवऱ्या कोरड्या जागी हलवायच्या, गुरांसाठी पेंढा भरायचा. घरातले प्रत्येक माणूस या कामाला जुंपलेले असे. आगोट भरणाऱ्या घराला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असत: काय तुटणार आणि किती दिवस तुटणार. यादी त्यावरून ठरे.

घाटावरही हेच, फक्त सामान वेगळे. रब्बीचा गहू-ज्वारी बाजारात आली की वर्षाचे धान्य भरायचे, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवण घालायचे. गहू तीन दिवस भिजवून काढलेल्या चिकाच्या कुरडया, उडदाचे पापड, सांडगे, शेवया, खानदेशात ज्वारीचे बिबडे. कोकणात आमसुले, कोकमाच्या साली त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेल्या. वसई-पालघरच्या किनाऱ्यावर बोंबील. या माशाच्या अंगात पाणीच पाणी. म्हणून दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगायचे आणि वाऱ्या-उन्हाने खडखडीत करायचे.

हे पदार्थ चवीला एकमेकांपासून कितीही दूर असले तरी टिकतात एकाच कारणाने. बुरशी आणि जिवाणू यांना वाढायला मोकळे पाणी लागते. उन्हाने ते उडून जाते. मीठ आणि साखर उरलेले पाणी धरून ठेवतात, जंतूंना मिळू देत नाहीत. लोणच्यावर तेलाचा थर चार बोटे वर राहिला पाहिजे असे घरातली मोठी माणसे बजावतात, कारण तो थर हवा आत येऊ देत नाही. खड्याचे मीठ हवेतली ओल ओढते, म्हणून ते चिनी मातीच्या बरणीत. धान्य दाताखाली कट्‌कन तुटले पाहिजे, ही परीक्षाही त्यातलीच. साधारण १२ टक्क्यांच्या वर ओल राहिलेले धान्य साठवणीत किडीला आणि बुरशीला आमंत्रण देते, हे प्रयोगशाळेत मोजले गेले त्याच्या कितीतरी आधी दाताने मोजले जात होते.

किडीचा बंदोबस्तही तितकाच विचारपूर्वक केलेला. वालाला, चवळीला चुलीतली राख चोळून ठेवत. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचे मेणासारखे आवरण खरवडतात, त्याच्या अंगातले पाणी निघून जाते आणि तो वाळून मरतो. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावतात. कडधान्यातला भुंगा दाण्यावर अंडी घालतो. तेलाच्या पातळ थराने त्या अंड्यांना हवा मिळत नाही. दोन्ही उपाय माणसाला निर्धोक, धुतले की गेले. याउलट धान्यात टाकायच्या ज्या विषारी गोळ्या बाजारात मिळतात, त्यांतल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा हवेतल्या ओलीशी संयोग होऊन फॉस्फीन हा अत्यंत जहरी वायू तयार होतो. हे गोदामाचे औषध आहे, तेही प्रशिक्षित माणसाच्या हातचे. बंद खोलीत अशी पोती ठेवून शेजारी झोपलेल्या माणसांचे जीव गेल्याच्या घटना देशात वेळोवेळी घडल्या आहेत. राहत्या घरात या गोळीला जागा नाही, याबाबत कोणीही तडजोड करू नये. शेंगदाण्यांवर बुरशी दिसली तर ते भाजून वापरायच्या मोहात पडू नये. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्या-शिजवल्याने पुरते जात नाही.

साठवणीची सगळ्यांत धीट कल्पना मात्र जमिनीखालची. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे होती. खोल, तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद असे खड्डे. आत माल भरायचा आणि तोंड मातीने बंद करायचे. मराठवाड्यात, सोलापुराकडे ज्वारीही अशीच पेवात ठेवत. बंद पेवात धान्य आणि त्यातले किडे श्वास घेत राहतात, प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि किडे गुदमरून मरतात. आज हवाबंद पिशव्यांमध्ये धान्य साठवण्याचे जे तंत्र शेतकऱ्यांना शिकवले जाते, त्याचे तत्त्व हेच. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी हवा खेळू द्यायची आणि दिवा सोडून पाहायचा, हा नियमही त्यामुळेच. तो मोडला तर माणूसही गुदमरतो.

चोराला न सापडणारे, आगीत न जळणारे, दुष्काळात गावाला तारणारे हे पेव. पण २००५ साली कृष्णेचा महापूर आला, हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि हळद कुजली. जी साठवण एका संकटासाठी अचूक होती, ती दुसऱ्या संकटात सगळ्यांत आधी बुडाली. घरातल्या तयारीचा विचार करताना हरिपूर लक्षात ठेवायला हवे.

महाराष्ट्रातल्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या आपत्ती पाहिल्या तर त्या जुन्या पावसाळ्यासारख्या सांगून येत नाहीत आणि चार महिने मुक्कामही करत नाहीत. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माणसे सकाळी कामावर गेली आणि कित्येक जण दुसऱ्या दिवशी घरी पोचले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीचा किनारा झोडपला. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात गेली. प्रत्येक वेळी पहिले दोन-चार दिवस घर एकटे असते. मदत येते, पण ती रस्ता मोकळा झाल्यावर.

ऑगस्ट २०१९ मधल्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुराकडे या नजरेने बारकाईने पाहण्यासारखे आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. कृष्णा ५७ फुटांवर पोचली. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर बंद राहिला. येथवरच्या गोष्टी नकाशा पाहूनही कळतात. घरात बसलेल्या माणसाला ज्या गोष्टी जाणवल्या त्या वेगळ्या होत्या. कोल्हापुरातल्या ज्या पेठांत पुराचे पाणी आलेच नाही, तिथेही नळ कोरडे पडले, कारण शहराला पाणी देणारी उपसा केंद्रे नदीकाठी होती आणि तीच बुडाली. महामार्ग बंद, म्हणून टँकर नाहीत. टँकर नाहीत, म्हणून पेट्रोल नाही. वीज गेलेल्या भागात मोबाइल बंद, एटीएम बंद. घरात तांदळाची पोती असलेली माणसे पिण्याच्या पाण्याच्या बाटलीसाठी रांगेत उभी होती.

निसर्ग वादळाने दुसरा धडा दिला. तारीख ३ जून, म्हणजे आगोट नुकतीच भरून झालेली. कौले आणि पत्रे उडाले आणि माळ्यावर ठेवलेले सामान भिजले. त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. वीज नाही म्हणजे विहिरीवरचा पंप नाही, आणि गिरणी नाही. इथे एक अडचण उभी राहते, जी वर्षाचे धान्य भरणाऱ्या घरांच्या सहसा ध्यानात येत नाही. पीठ फार दिवस टिकत नाही. दळले की दाण्यातले तेल हवेशी भिडते. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडवट होते. म्हणून साठवायचे धान्य आणि दळायचे आठवड्यापुरते, ही रीत योग्यच होती. फक्त त्या रीतीत घराच्या कोपऱ्यात जाते होते. आता जाते गेले, गिरणी विजेवर आली, आणि वीज गेली की कोठीभर ज्वारी असूनही भाकरी होत नाही.

आजच्या आपत्तीत नेमके काय तुटते, हे यातून स्पष्ट होते. पहिल्या तीन-चार दिवसांत धान्याची टंचाई होत नाही. तुटतात त्या पाणी, वीज, गॅस, रस्ता आणि संपर्क. बेगमी या पाच गोष्टींची हवी.

सुरुवात पाण्यापासूनच करावी लागेल. पिण्यासाठी आणि जेमतेम रांधण्यासाठी माणशी रोज ४ लिटर धरले, तर चार माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी ४८ लिटर पाणी लागते: २० लिटरचे दोन जार आणि एक कळशी. वापरायचे पाणी वेगळे. हवामान खात्याने लाल इशारा दिला की बादल्या, हंडे, पातेली जे असेल ते भरून ठेवावे. नळ जाण्याआधीचा अर्धा तासही पुष्कळ असतो. पूर ओसरल्यावर विहिरीचे, बोअरचे पाणी वरून कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसेच उकळू दिले की रोगजंतू मरतात. इंधन नसेल तर आरोग्य केंद्रातून मिळणारे मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून पाणी अर्धा तास ठेवायचे. गढूळ पाणी आधी चारपदरी सुती कपड्याने गाळून, निवळू देऊन घ्यावे. गाळ असला तर क्लोरीन त्यातच खर्च होते.

पाणी साठवण्याची दुसरी बाजू मराठवाड्याला चांगली माहीत आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, तिथे प्रत्येक घर म्हणजे साठवणीचे कोठारच असते: ड्रम, टाक्या, रांजण. याच उघड्या, स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, भांडी रिकामी करून घासायची; अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. जिथे पाणी ओतून देणे परवडतच नाही, तिथे ड्रमच्या तोंडावर सुती कापड घट्ट बांधणे हा खरा उपाय.

अन्नाचा विचार करताना जुनी यादी थोडी फिरवून घ्यावी लागते. आगोटीची बेगमी पेटत्या चुलीसाठी होती. पुराच्या घरात चूल पेटेलच असे नाही. तेव्हा विस्तवावाचून पोट भरेल असे काय आहे, हे पाहायचे. आणि मराठी स्वयंपाकघर याबाबतीत श्रीमंत आहे. पोहे नुसते भिजवले तरी खाता येतात. सातूचे पीठ गूळ-पाण्यात कालवले की जेवण होते; वारीला, प्रवासाला ते उगाच सोबत नेत नसत. फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खजूर, मेतकूट, कुरमुरे. आकडे मांडून पाहावेत. एका मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २,००० उष्मांक धरले, तर चौघांना तीन दिवसांसाठी २४,००० लागतात. तीन किलो पोह्यांतून दहा हजारांच्या वर मिळतात, एक किलो शेंगदाण्यांतून साडेपाच हजारांच्या वर, किलोभर गूळ आणि किलोभर फुटाणे यांतून प्रत्येकी पावणेचार हजारांच्या आसपास. सगळे मिळून सहा किलो सामान. एका पिशवीत मावते, कडेवर मूल असतानाही उचलता येते आणि महिन्याच्या किराण्यात सहज बसते. यासाठी परदेशी डबाबंद अन्न आणायची काहीही गरज नाही.

हे सामान वेगळे बांधून माळ्यावर टाकले, तर मात्र वर्षभराने खवट शेंगदाणे आणि मुंग्या लागलेला गूळ हाती येतो. जपानमध्ये १९२३ च्या कांतो भूकंपाच्या आठवणीत १ सप्टेंबर हा आपत्ती निवारण दिन पाळतात, आणि तिथले सरकार घरात निदान तीन दिवसांचे, जमल्यास आठवड्याचे अन्नपाणी ठेवायला सांगते. त्यांनी लोकांना शिकवलेली रीत अशी: रोज खातो तेच थोडे जादा आणायचे, जुने आधी वापरायचे, वापरले तेवढे पुन्हा भरायचे. आपल्याकडे डब्यात नवा माल खाली आणि जुना वर ठेवणाऱ्या गृहिणीला यात नवीन काहीच वाटणार नाही. घरात जे खाल्ले जाते तेच साठवावे. आजारपणात किंवा भीतीत मुले अनोळखी चवीला तोंड लावत नाहीत.

औषधांचे तसेच. रक्तदाब, मधुमेह, फिट, थायरॉइड, दमा यांची औषधे संपत आल्यावर आणण्याऐवजी पंधरा दिवसांची शिल्लक राहील अशी आणावीत, आणि चिठ्ठीचा फोटो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्येही असावा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. वीज जाऊन फ्रिज बंद पडला तर ते पाणी लागणार नाही अशा डबीत घालून, बाहेरून ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवण्याची रीत उन्हाळ्यातही उपयोगी ठरली आहे. वापरात असलेली बाटली किती दिवस बाहेर चालेल, हे आपल्या औषधाबद्दल डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे. जुलाब लागले तर लिटरभर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. हे प्रमाण फ्रिजवर चिकटवून ठेवण्याच्या लायकीचे आहे. पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जनावरांच्या, उंदरांच्या मूत्रातला त्याचा जंतू पायावरच्या साध्या भेगेतूनही शिरतो. ताप आला तर अंगावर न काढता लगेच दवाखान्यात जावे आणि पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगावे.

कागदपत्रे, थोडी रोकड सुट्या नोटांत, बॅटरी, पॉवर बँक, शिट्टी, सॅनिटरी पॅड, लहानग्याचे दूध, हे सगळे एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. सातबारा, रेशनकार्ड, विम्याचे कागद पुरात गेले तर नुकसानभरपाई मिळवताना फार हाल होतात. डिजिलॉकरमध्ये प्रती असाव्यातच, पण फोन बंद पडला तर त्याही बंद. कागदी प्रतींचा एक संच पाहुण्यांकडे ठेवणे शहाणपणाचे. मेणबत्तीपेक्षा बॅटरी बरी. गळका गॅस आणि उघडी ज्योत एकत्र आली तर दुसरी आपत्ती घडते. घर सोडताना रेग्युलेटर बंद करून सिलिंडर सोडवून ठेवावे आणि बांधून टाकावे. पुरात रिकामी सिलिंडरे तरंगत जातात.

आणि उंची. नदीकाठच्या घरात सगळ्यांत जड पोती तळमजल्यावर आणि सगळ्यांत हलकी गाठोडी माळ्यावर असतात. चिपळूणकरांनी २००५ आणि २०२१ असे दोन पूर पाहिले आणि ज्याने मीटर, फ्रिज, धान्य वर घेतले त्याचेच थोडेफार वाचले. भिंतीवर मागच्या पुराची खूण असेल तर ती रंगाने झाकू नये. फळी किती उंचीवर ठोकायची ते तीच सांगते. भूकंपाच्या पट्ट्यात मात्र नेमके उलटे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली. तिथे उंचावर ठेवलेली जड वस्तू घातक. लातूर-धाराशिव, कोयना, पालघरच्या घरांत जड सामान खाली, कपाटे भिंतीला स्क्रूने आवळलेली आणि बिछान्याच्या उशाशी चपला व बॅटरी, एवढे तरी हवे. फुटलेल्या काचांवरून अनवाणी धावणारी माणसे विनाकारण जखमी होतात.

गुरे असलेल्या घरांचा प्रश्न वेगळा आणि अधिक कठीण. २०१९ मध्ये शिरोळ-पलूसकडच्या कित्येक माणसांनी गोठ्यातल्या म्हशींपायी वेळेवर घर सोडले नाही. वैरणीचा साठा उंचावर, जनावरे कुठे हलवायची ते आधीच ठरलेले आणि शेवटच्या क्षणी दावे कापायला हाताशी कोयता, ही या घरांची खरी बेगमी.

संकट दारात आल्यावर केलेली खरेदी या सगळ्यात बसत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपणार अशी अफवा उठली आणि उत्तर प्रदेश, दिल्लीपासून मुंबईपर्यंत लोक मिठासाठी दुकानांवर धावले. जगातल्या सर्वांत मोठ्या मीठ उत्पादक देशांपैकी आपण एक, घरात किलोभर मीठ महिनाभर पुरते, आणि तरी हे घडले. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हाही किराणा दुकानांपुढे तशीच झुंबड उडाली. अशा वेळी ज्याच्याकडे रोख पैसा आणि गाडी आहे तो दहा पाकिटे नेतो आणि संध्याकाळी मजुरी घेऊन आलेल्या बाईला रिकामी फळी दिसते. आगोट स्वस्ताईच्या दिवसांत, कोरड्या हवेत, थोडी थोडी करत भरली जाते. तिच्याने बाजारात टंचाई होत नाही. उलट, ज्याचे घर भरलेले आहे तो संकटाच्या दिवशी रांगेत येत नाही, म्हणून रांग लहान राहते.

पण घर भरायला हातात पैसा आणि डोक्यावर छप्पर लागते, हे विसरून चालणार नाही. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात काम नसते, मागचे धान्य संपलेले आणि पुढचे शेतात. त्या चार महिन्यांत सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून राज्याने १९७८ पासून खावटी कर्ज योजना चालवली. कोरोनाच्या काळात तिचे अनुदान झाले: कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याच्या बदल्यात कडधान्य, डाळ, तेल, मीठ, साखर. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीवरचा पूल बुडाला की तालुका जगापासून तुटतो. नवसंजीवन योजनेत अशा गावांसाठी पावसाळ्याआधीच चार महिन्यांचे रेशन पोचवून ठेवतात, आणि ज्यांचे दिवस भरत आले आहेत अशा बायकांना दवाखान्यालगतच्या माहेरघरात आणून ठेवतात. सरकारने हाती घेतलेली ही आगोटच आहे, आणि ती जिथे वेळेवर भरली जाते तिथे माणसे वाचतात. धान्य जूनच्या तिसऱ्या आठवड्यात निघाले तर ते पुलाच्या अलीकडेच राहते. म्हणून या योजनांची तारीख पाळली गेली की नाही, हे मे महिन्यातच विचारले गेले पाहिजे. स्थानिक पत्रकारांनी, ग्रामसभांनी आणि शहरात बसून आपत्तीच्या बातम्या वाचणाऱ्या आपण सर्वांनी.

शहरातल्या इमारतीत, वाड्यात, चाळीतही हे काम एकेका घराने करून भागणारे नाही. येत्या मेमध्ये सोसायटीच्या बैठकीत रंगकामाच्या आधी दहा मिनिटे काढून एक यादी करावी: कोणत्या घरात एकटे म्हातारे माणूस आहे, कोणाला ऑक्सिजन किंवा इन्सुलिन लागते, कोणाला जिना उतरवत नाही, कोणती बाई गरोदर आहे, पंप बंद पडला तर टाकीतले पाणी कोण वाटणार, शेजारच्या वस्तीतल्या रोजंदारीच्या कुटुंबांसाठी जादा पोहे-शेंगदाणे कोणाकडे असतील. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि सर्व तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक त्याच कागदावर लिहावेत, आणि तो कागद तळमजल्याच्या सूचनाफलकाबरोबरच वरच्या एखाद्या घरातही असावा.

ही यादी करायला पैसा लागत नाही. पहिला पाऊस पडायच्या आत ती करून टाका.